दृष्टिपटलातील ग्लायल पेशी

डोळ्याच्या मागील पडद्यात, म्हणजे दृष्टिपटलात, तंत्रिका पेशींना आधार देणाऱ्या, त्यांचे पोषण पाहणाऱ्या आणि भोवतालचे पाणी व क्षार यांचा तोल राखणाऱ्या पेशी. मानवात त्यांचे तीन प्रकार आढळतात : म्यूलर पेशी, तारकापेशी व सूक्ष्मग्लिया. तंत्रिका तंतूंवर मायलिनचे (मेदयुक्त) वेष्टन चढवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी येथे सहसा नसतात. वेष्टन पडद्यावर असते तर ते प्रकाशाच्या वाटेत आले असते.

हाइनरिख म्यूलर यांनी १८५१ मध्ये पडद्याच्या आरपार जाणाऱ्या अरीय तंतूंचे वर्णन केले. अशा आधारपेशींना ‘न्यूरोग्लिया’ हे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फिरखो यांनी दिलेले नाव १८५६ च्या सुमारास रूढ झाले, म्हणजे येथे पेशी आधी आणि नाव मागाहून. म्यूलर पेशीचे आतले टोक काचद्रवालगतच्या (डोळ्यातील पारदर्शक जेलीलगतच्या) आतील सीमापटलाला टेकते, तर बाहेरचे टोक प्रकाशग्राही पेशींशी घट्ट जोडलेले असते. चेतासंधींतून (तंत्रिका पेशींच्या जोडांतून) सांडलेले ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन ती उचलते, त्याचे ग्लुटामिन करते आणि ते तंत्रिका पेशींना परत देते. जास्तीचे पोटॅशियम पेशीपटलातील Kir४.१ या प्रथिनांच्या वाहिन्यांतून काचद्रवाकडे व रक्तवाहिन्यांकडे सोडले जाते आणि ॲक्वापोरिन-४ या जलवाहिनी प्रथिनामार्गे पाण्याचाही निचरा होतो.

याच पोटॅशियमवरून दृष्टिपटलाच्या विद्युत् आलेखातील (ईआरजी) ‘बी’ तरंगाचा वाद उद्भवला. १९७० मध्ये मिलर व डाउलिंग यांनी एका उभयचर प्राण्यात म्यूलर पेशीचा विद्युत् प्रतिसाद आणि ‘बी’ तरंग यांची वेळ जुळते असे दाखवले. त्यामुळे हा तरंग म्यूलर पेशींचाच, हे मत बराच काळ टिकले. पुढे बेरियमने Kir४.१ वाहिन्या बंद केल्यावर ईआरजीतील मंद ‘पी-३’ घटक नाहीसा झाला, पण ‘बी’ तरंग राहिला. Kir४.१ नसलेल्या उंदरांतही तेच दिसले. म्हणून हा तरंग मुख्यतः प्रकाशाने चेतणाऱ्या द्विध्रुवी पेशींचा (प्रकाशग्राही पेशींचा संदेश पुढे नेणाऱ्या तंत्रिका पेशींचा) मानणे अधिक ग्राह्य ठरते. ‘बी’ तरंग घटला एवढ्यावरून अहवालात ‘म्यूलर पेशी बिघडल्या’ असे लिहू नये.

तारकापेशी पडद्यात जन्मत नाहीत. गर्भावस्थेत त्या दृक्‌तंत्रिकेतून आत येतात आणि त्यांच्या जाळ्यावरून रक्तवाहिन्या पसरतात. पीतबिंदूच्या (पडद्यावरील सर्वांत स्पष्ट दृष्टीच्या जागेच्या) मध्यखळग्यात रक्तवाहिन्या नाहीत, तशाच तारकापेशीही नाहीत. सूक्ष्मग्लिया पीतककोशातून (गर्भाला जोडलेल्या पिशवीतून) येतात, असे उंदरांवरील कामावरून मानले जाते.

खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत, बोलण्यात दृष्टिपटल नसतेच, असतो तो ‘पडदा’. ‘शुगरमुळे पडदा सुजला’ यातली सूज बव्हंशी पाण्याची असते. मधुमेही उंदरांत म्यूलर पेशींच्या Kir४.१ वाहिन्या मंदावतात. रक्तवाहिनीच्या भिंतीतून गळलेले पाणी मग बाहेर पडत नाही, पेशी फुगतात आणि पीतबिंदू जाडावतो. प्राणवायू घटला की म्यूलर पेशी व्हीईजीएफ हे प्रथिन सोडतात, त्याने गळती वाढते व नव्या ठिसूळ रक्तवाहिन्या उगवतात. डोळ्यात दिली जाणारी इंजेक्शने याच प्रथिनाला अडवतात. टाइप-२ मधुमेहाचे निदान होताच पडदा तपासावा आणि पुढे वर्षातून एकदा.

सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेलचा वारसा आढळतो. या रोगात विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी पडद्याच्या कडेच्या बारीक वाहिन्या बंद करतात. गोल्डबर्ग यांच्या १९७१ च्या वर्गीकरणात पाच टप्पे आहेत : धमनिका बंद होणे, धमनी व शिरा यांची जोडणी, पंख्यासारख्या नव्या वाहिन्या, काचद्रवात रक्तस्राव आणि पडदा सरकणे. सुरुवात कडेला होत असल्याने ४५ अंशांच्या मध्यवर्ती छायाचित्रात ती सुटते. ट्रॉपिकॅमाइडचे थेंब टाकून २०–३० मिनिटांनी बाहुली पुरेशी मोठी झाल्यावर इनडायरेक्ट ऑफ्थाल्मोस्कोपने (पडद्याचा विस्तृत भाग दाखवणाऱ्या उपकरणाने) कडा पाहावी लागते. धडगाव–अक्कलकुव्याच्या शिबिरांत नुसता कॅमेरा नेऊन भागत नाही.

पडदा सरकल्यावर म्यूलर पेशींत जीएफएपी हे प्रथिन वाढते, पेशी लांबतात, विभागतात आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंनी व्रण (जखम भरल्यावरचा वण) विणतात. सुरुवातीला हे संरक्षण असते, नंतर तोच व्रण आकुंचन पावून पडदा पुन्हा ओढतो. पडद्यावरील पापुद्रा काढताना आतील सीमापटल सोलले, तर त्याला टेकलेली म्यूलर पेशींची टोकेही थोडीफार तुटतात. झेब्राफिशमध्ये इजेनंतर याच पेशी नव्या तंत्रिका पेशी घडवतात. प्रौढ उंदरांत तसे घडायला Ascl१ जनुक कृत्रिमपणे चालू करावे लागले.