गोरज मुहूर्त आणि परतीचं विमान
जिल्ह्याच्या धावपट्टीवरून चार्टर विमानानं येणाऱ्या-जाणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

‘विमान आम्हीच भाड्यानं घेतलंय, मग अर्धा तास थांबलं तर काय बिघडलं?’ लग्नसराईत आणि प्रचाराच्या दिवसांत दुपारी चारनंतर आमच्या फोनवर सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. त्याचं उत्तर घाईघाईत, धावपट्टीच्या फाटकावर उभं राहून देता येत नाही. ते इथं सविस्तर लिहिलं आहे. बुकिंग करण्याआधी वाचलंत तर फार बरं, आणि कार्यक्रमाची वेळ ठरवणाऱ्या माणसाच्या हाती दिलंत तर त्याहून बरं.

आधी आमचं काम काय ते सांगतो. विमान आमचं नसतं. ते परवानाधारक ऑपरेटरचं असतं आणि त्याचा कॅप्टन त्यांचा असतो. धावपट्टीच्या मालकाकडून उतरण्याची पूर्वपरवानगी घेणं, पोलीस, अग्निशमन बंब आणि रुग्णवाहिका वेळेवर उभी करणं, धावपट्टी तपासणं, हवेची माहिती कॅप्टनला कळवणं आणि तुम्हाला गाडीपासून शिडीपर्यंत सुखरूप नेणं, ही आमची जबाबदारी. मुंबई-पुण्यासारख्या विमानतळांवर ही कामं वेगवेगळ्या खात्यांची माणसं चोवीस तास करत असतात. जिल्ह्याच्या धावपट्टीवर बहुतेक वेळा कंट्रोल टॉवर नसतो, इंधन नसतं आणि धावपट्टीच्या कडेचे दिवेही नसतात. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महागात पडतो.

सूर्यास्त म्हणजे फाटक बंद

दिवे नसलेल्या धावपट्टीवर उतरणं आणि तिथून उडणं फक्त दिवसाउजेडी होतं. हा नियम आम्ही केलेला नाही, आणि तो कोणाच्या शब्दाखातर वाकवताही येत नाही.

गंमत अशी की बहुतेकांच्या डोक्यात मुंबईचा सूर्यास्त असतो. महाराष्ट्र पूर्व-पश्चिम बराच पसरलेला आहे. एका रेखांशाला चार मिनिटं, या हिशोबानं गोंदियाचा सूर्य मुंबईच्या जवळजवळ अर्धा तास आधी मावळतो. १ डिसेंबरला मुंबईत सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, यवतमाळला ५.३५ च्या आसपास आणि गोंदियाला साडेपाचच्याही आधी. जूनअखेर मुंबईत ७.२० पर्यंत उजेड असतो, पण गोंदियाला सात वाजायच्या आतच सूर्य गेलेला असतो. पावसाळ्यात ढग दाटून आले की उजेड त्याहूनही आधी जातो. म्हणून ‘डिसेंबरात सहापर्यंत दिसतं की’ हे मुंबईचं गणित विदर्भात चालत नाही.

आणि एक नेहमीचा घोळ. गोरज मुहूर्ताचं लग्न, आणि अक्षता पडल्या की लगेच त्याच धावपट्टीवरून परत, असं बुकिंग दर हंगामात येतं. गोरज म्हणजेच सूर्यास्ताची वेळ. हे दोन्ही एका संध्याकाळी बसत नाही. अशा वेळी मुक्काम तरी ठेवा, नाहीतर परतीसाठी रात्री चालणारा विमानतळ निवडा.

वेळ उलटी मोजा

तुमच्या कागदावर परतीची जी वेळ असते, ती चाकं हलण्याची वेळ असते. ती धावपट्टीवर पोचण्याची वेळ नव्हे, आणि मांडवातून निघण्याची तर नव्हेच. डिसेंबरच्या सुरुवातीला यवतमाळहून मुंबईला परत जायचं आहे असं धरू. सूर्यास्त ५.३५. आम्ही चाकं हलवायची वेळ ५.०५ धरतो, म्हणजे सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी. दार ४.५५ ला बंद. सामान तोलून, ठेवून आणि बांधून ४.५० पर्यंत झालं पाहिजे. ओळखपत्रं, तपासणी आणि सामान उतरवणं यांसाठी अर्धा तास लागतो, म्हणून तुम्ही फाटकावर ४.२० ला हवेत. मांडवापासून धावपट्टीपर्यंत रस्ता वीस मिनिटांचा असेल तर तो चाळीस धरा, कारण ताफा असतो, निरोप घेणारे असतात आणि वाटेत एक तरी जण फोटोसाठी गाडी थांबवतोच. थोडक्यात, ३.४० ला गाडीत बसायचं. जेवणाची पंगत त्याआधी उठली पाहिजे.

आम्हाला सूर्यास्ताच्या आधीचा अर्धा तास का लागतो, यावरून ग्राहक नेहमी वाद घालतात. ‘पाच पस्तीसला मावळतोय, मग पाच तीसला उडू की!’ उडता येईलही. पण उड्डाणानंतर पहिल्या काही मिनिटांत दार नीट लागलं नसल्याचा दिवा लागला, पक्षी धडकला किंवा इंजिनानं कुरकूर केली, तर कॅप्टनला मागं फिरून त्याच धावपट्टीवर उतरायचं असतं. तेव्हा खाली धावपट्टी दिसली पाहिजे. तो अर्धा तास तुमच्या परतण्यासाठी राखलेला असतो. हा वेळ आम्ही विकत नाही, आणि कोणी जास्त पैसे देऊ केले तरी विकणार नाही.

उजेडाशिवाय आणखी एक साखळी आहे. उड्डाणाचा फ्लाइट प्लॅन किमान एक तास आधी द्यावा लागतो, आणि त्यावर एडीसी (हवाई संरक्षणाची मंजुरी) व एफआयसी (उड्डाण माहिती केंद्राची नोंद) हे दोन क्रमांक घ्यावे लागतात. ठरलेल्या वेळेपेक्षा अर्ध्या तासाहून जास्त उशीर झाला की प्लॅन सुधारून द्यावा लागतो, किंवा नव्यानं भरावा लागतो. मुंबईत उतरायचा स्लॉट, म्हणजे नेमून दिलेली वेळ, असतो, तो हुकला की पुढचा केव्हा मिळेल ते आमच्या हातात नसतं. बंब आणि रुग्णवाहिका ठरलेल्या तासांपुरतीच आलेली असतात. नगरपालिकेचा बंब तुमच्यासाठी उभा असतो, त्या वेळी शहराला एक बंब कमी असतो. शिवाय वैमानिकांच्या ड्युटीचे तास बांधलेले असतात, आणि तुमची वाट पाहण्यात गेलेला वेळही त्यातच मोजला जातो.

(आमच्या निरोपात कधी ‘११३५ झेड’ असं दिसलं तर घाबरू नका. विमानवाहतुकीत सगळीकडे आंतरराष्ट्रीय वेळ वापरतात. त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते, म्हणजे ५.०५. तुमच्या कागदावर आम्ही नेहमी आपलीच वेळ लिहितो.)

उशीर होणार हे कळलं, तर काय करायचं

लगेच फोन करा. एवढी एकच गोष्ट पाळलीत तर बहुतेक वेळा संध्याकाळ वाया जात नाही. सूर्यास्ताच्या दीड तास आधी आम्हाला कळलं, तर विमान उजेडातच रिकामं उडवून रात्री चालणाऱ्या जवळच्या विमानतळावर हलवता येतं, आणि तुम्ही कार्यक्रम उरकून मोटारीनं तिथं या. यवतमाळहून नागपूर साधारण १५० किलोमीटर, धुळ्याहून नाशिकजवळचं ओझर तेवढंच. अडीच-तीन तासांचा रस्ता आहे, पण रात्री घरी पोचता. अर्थात त्या विमानतळावर पार्किंग मिळालं पाहिजे, म्हणून आम्ही संध्याकाळच्या प्रत्येक बुकिंगला असा पर्यायी विमानतळ आदल्या दिवशीच विचारून ठेवतो. त्याचं वेगळं शुल्क नाही.

‘निघालोच, पाच मिनिटांत पोचतो’ हा फोन मात्र सगळ्यांचं नुकसान करतो. त्या पाच मिनिटांच्या भरवशावर विमान थांबतं, आणि पर्यायी विमानतळावर हलवायची वेळही निघून जाते. मग विमान रात्रभर धावपट्टीवर. त्याला पहारा लागतो, वैमानिकांचा मुक्काम लागतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच विमानाची वाट पाहणारा दुसरा ग्राहक अडकतो. कधी कधी तो दुसरा ग्राहक म्हणजे स्ट्रेचरवरचा रुग्ण असतो. आमच्या करारात मुक्कामाचं शुल्क ठळक छापलं आहे, ते याच कारणासाठी.

एक विनंती मनापासून: कॅप्टनला गळ घालू नका, आणि आम्हालाही घालायला सांगू नका. उडायचं की नाही हा निर्णय फक्त त्याचा. ग्राहक कितीही मोठा असला तरी आमचा माणूस त्या बाबतीत मध्यस्थी करत नाही. यामुळे काही ग्राहक आमच्यावर नाराज झालेत, ते आम्हाला मान्य आहे.

वजन खरं सांगा

या विमानांत माणसं आणि सामान जागेवर नाही, वजनावर बसतं. किंग एअर बी-२०० या दोन इंजिनांच्या छोट्या विमानाचं उदाहरण घ्या. भरल्या विमानाची कमाल मर्यादा ५,६७० किलो. आठ खुर्च्या आहेत म्हणून आठ माणसं, सोळा बॅगा आणि आहेराची भांडी असं होत नाही. जिथं इंधन मिळत नाही तिथं परतीचं इंधन येतानाच सोबत आणावं लागतं. १०० लिटर इंधन म्हणजे साधारण ८० किलो, एका माणसाचं वजन. म्हणून आम्ही प्रत्येकाचं खरं वजन विचारतो. दहा किलो कमी सांगितल्यानं कोणी बारीक होत नाही, फक्त ऐन वेळी एक बॅग खाली राहते.

उन्हाळ्यात हे आणखी कडक होतं. तापलेली हवा विरळ असते, पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोर कमी पडतो. लातूर परिसरासारख्या सुमारे २,००० फूट उंचीवरच्या धावपट्टीवर पारा ४१ अंशांवर गेला, तर विमानाला ती धावपट्टी ५,६०० फुटांवर असल्यासारखी वाटते. धावायला अंतर जास्त लागतं. एप्रिल-मे महिन्यात परतीला दुपारी दोनची वेळ मागितलीत तर आम्ही सकाळी दहाच्या आतली वेळ सुचवू. ती मान्य केलीत तर बहुधा सगळं सामान येईल.

नावांची यादी आदल्या दिवशी दुपारपर्यंत द्या, ओळखपत्रावर जसं नाव आहे तसंच. ऐन वेळी ‘भाऊंऐवजी दाजी येतील’ म्हटलं की नाव, वजन आणि बसायची जागा सगळंच बदलतं. कडक बॅगांऐवजी मऊ बॅगा आणा, सामानाच्या कप्प्यात त्या जास्त मावतात. पूजेचा कापूर, फटाके, लग्नातली धुराची आणि ठिणग्यांची नळकांडी, गॅसची डबी विमानात चालत नाहीत. पॉवर बँक हातातल्या पिशवीत ठेवा. निवडणुकीच्या काळात सामानाची अधिकाऱ्यांकडून तपासणी होते, त्यासाठी वीस मिनिटं वेगळी धरा.

सकाळचं उड्डाण

सकाळी लवकर म्हणजे सुरक्षित, असं हिवाळ्यात नसतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी नदीकाठच्या आणि उसाच्या पट्ट्यांत सकाळी धुकं साचतं. नजरेवर उतरायचं तर निदान पाच किलोमीटर दिसायला हवं. आमचा माणूस धावपट्टीवर उभा राहून ठरलेल्या खुणा पाहतो: साखर कारखान्याची चिमणी किती किलोमीटरवर, पाण्याची टाकी किती, टेकडीवरचं देऊळ किती. जी खूण दिसत नाही तिच्या अलीकडचं अंतर तो कॅप्टनला कळवतो. तो कधीच वाढवून सांगत नाही. हिवाळ्यात पहिलं उतरणं साडेनऊनंतर ठेवा आणि सभेची वेळ अकराची द्या.

विमान यायच्या तासभर आधी आम्ही धावपट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जीपनं फिरतो. खडी, तारेचा तुकडा, प्लास्टिकची पिशवी, यातलं काहीही पंख्यात गेलं तर पातं जातं. कुत्री आणि गुरं हाकलायला दोन्ही टोकांना माणसं उभी करतो. जवळपास कचरा टाकला असेल तर घारी घिरट्या घालतात, म्हणून स्वागत समितीनं उरलेलं जेवण कुंपणाबाहेर टाकू नये. वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी शंकू फाटलेला नाही ना, हेही आदल्या दिवशीच पाहिलेलं असतं.

धावपट्टीवर तुमच्याकडून हवं ते

विमानाजवळ दोनच गाड्या, त्याही आमचा माणूस हात करेल तेव्हाच. बाकी ताफा फाटकाबाहेर. पंखा पूर्ण थांबेपर्यंत कोणी पुढं यायचं नाही. फिरता पंखा डोळ्याला दिसत नाही. हार, तुरे, पाकळ्या, कागदाचे फवारे सगळं फाटकाशी. फोटोग्राफरला आधीच सांगून ठेवा की विमान यायच्या-जायच्या वेळी ड्रोन उडवायचा नाही. ड्रोन दिसला तर कॅप्टन उतरणार नाही आणि मग तुमचाच वेळ जाईल.

विमान दुसरीकडून घेतलंत तरी ऑपरेटरच्या परवान्याची प्रत आणि विम्याचा कागद मागून घ्या. आम्ही ते न मागता देतो, सोबत तुमच्या तारखेचा आणि तुमच्या गावचा सूर्यास्त लिहिलेलं उलट्या वेळेचं पत्रकही. ते हवं असेल तर गाव, तारीख आणि कार्यक्रमाची वेळ एवढंच कळवा. बुकिंग करायचं की नाही ते नंतर ठरवा. कारखाने आणि रुग्णालयांसाठी वर्षाचा करार आहे, त्यात धावपट्टीची पाहणी दर महिन्याला होते. रुग्ण न्यायचा असेल तर या पत्रकातल्या बाकीच्या वेळा बाजूला ठेवा आणि आधी रुग्णाचं वजन, ऑक्सिजन लागतो का आणि किती लिटर, एवढं सांगायला डॉक्टरांनाच फोनवर द्या.