कंबर दुखते, सुई गुडघ्यामागे

कंबर धरली म्हणून ॲक्युपंक्चरवाल्याकडे गेलेला माणूस पहिल्याच दिवशी चक्रावतो. दुखणे कमरेत, आणि सुई टोचली जाते गुडघ्याच्या मागच्या खळगीत. ही त्या उपचारकाची लहर नसते. चिनी वैद्यकात या खळगीतल्या बिंदूला 'वेइचोंग' म्हणतात, आणि 'कंबर-पाठीसाठी वेइचोंग गाठा' अशा अर्थाची एक ओळ तिथले विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या पाढ्यासारखी घोकत आले आहेत. कंबरदुखीसाठी सुई नेमकी कुठे टोचायची, या प्रश्नाचा प्रवास त्या खळगीपासूनच सुरू करावा लागतो.

इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोनेक शतकांत आकाराला आलेला 'ह्वांगदी नेइचिंग' हा चिनी वैद्यकाचा आधारग्रंथ. त्याच्या 'सूवेन' या भागातला 41वा अध्याय सगळा कंबरदुखीवरच आहे. दुखणे मानेपर्यंत चढते का, कुल्ल्यांपर्यंत उतरते का, पाठ जड वाटते का, यावरून कोणती वाहिनी (म्हणजे शरीरात प्राणशक्ती वाहण्याचा मार्ग) बिघडली ते ठरवायचे आणि त्याप्रमाणे जागा निवडायची. मान, कणा आणि कुल्ले ओढले जात असतील तर गुडघ्यामागे टोचून रक्त काढा, असे तो सांगतो. वर अटही घालतो : वसंत ऋतूत मात्र रक्त दिसू देऊ नका. म्हणजे त्या काळची सुई आजच्या केसासारख्या बारीक सुईपेक्षा आपल्याकडच्या फासण्या-तुंबड्यांच्या जवळची होती. त्याहीआधीचे चित्र आणखी वेगळे आहे. चीनमधल्या मावांगद्वी इथे इ.स.पू. 168 मध्ये बंद केलेल्या थडग्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे मजकूर सापडले. त्यांत वाहिन्या आहेत, शेक आहे, पण सुई नाही. शेक द्यायचा तो एका सुगंधी वनस्पतीची वाळलेली पाने जाळून. ही वनस्पती आपल्या दवण्याच्याच कुळातली.

'ॲक्युपंक्चर' हा शब्द मात्र चिनी नाही. लॅटिनमध्ये 'सुई' आणि 'टोचणे' जोडून तो घडवला विलेम तेन ऱ्हाइने या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टरने. जपानमध्ये नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर तो दोनेक वर्षे राहिला होता. 1683 मध्ये लंडनला त्याचे लॅटिन पुस्तक निघाले, तेही सांधेदुखीवरचे. युरोपात सुई पोहोचली ती अशी दुखण्यावरचा इलाज म्हणून. वाहिन्या आणि प्राणशक्तीचा विचार वाटेतच गळाला. 1821 मध्ये जॉन चर्चिल या शल्यचिकित्सकाने लंडनमध्ये सुईचे गुण गाणारी पुस्तिका काढली. पुढच्याच वर्षी पेकिंगच्या बादशहाने आपल्या राजवैद्यकशाळेतला सुईविभाग बंद करून टाकला.

या पाश्चात्त्य सुईची सर्वांत मजेदार हकीकत विल्यम ऑस्लर यांच्याभोवती आहे. आधुनिक वैद्यकशिक्षणाचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव घेतात. 1892 मध्ये निघालेले त्यांचे पाठ्यपुस्तक इंग्रजी जगातले डॉक्टर अनेक दशके वापरत होते. पाठीत अचानक उसण भरली तर ॲक्युपंक्चरइतका गुणकारी उपाय नाही, असे त्यात त्यांनी स्वच्छ लिहिले. तीन-चार इंची सुया घ्या, बायकांच्या टोप्यांना लावायच्या सुया निर्जंतुक केल्या तरी चालतील. दुखते तिथेच कमरेच्या स्नायूंत खुपसा आणि पाच-दहा मिनिटांनी काढा. ना वेइचोंग, ना वाहिनी. माँट्रिआलमध्ये असताना त्यांनी पीटर रेडपाथ या बड्या साखर कारखानदारावर हा प्रयोग केल्याचे त्यांच्या चरित्रात नोंदले आहे. प्रत्येक टोचणीला म्हातारा शिव्या हासडत होता, आणि शेवटी तसाच लंगडत निघून गेला. ऑस्लर खट्टू झाले, कारण गुण आला असता तर मॅक्‌गिल विद्यापीठाला दहा लाख डॉलर मिळण्याची त्यांना आशा होती. इलाजाची महती सांगणाऱ्यांच्या गोष्टींत हा रुग्ण सहसा भेटत नाही.

विसाव्या शतकात चीनने सुई पुन्हा उचलली. 1930च्या दशकात चेंग दानआन या चिनी वैद्यांनी बारीक सुया आणि मज्जातंतूंच्या आधाराने बिंदूंची मांडणी आणली. 1950नंतर माओच्या सरकारने तिला दवाखान्यांत बसवले. भारतात ती आली डॉ. बिजय कुमार बसू यांच्यामुळे. 1938 मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात ते होते. त्याच पथकातले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1942 मध्ये तिथेच वारले. बसू 1950च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ती सुरू केली. पुढे या सुयांच्या दवाखान्यांना नाव मिळाले ते शल्यचिकित्सक असलेल्या कोटणीसांचे. महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी 2015 मध्ये स्वतंत्र कायदा केला, आणि केंद्राने 2019 मध्ये तिला स्वतंत्र पद्धती म्हणून मान्यता दिली.

खरा पेच उभा केला जर्मनीने. तिथले लोक सुया टोचून घेत होते आणि सरकारी विमा निधी त्याचे पैसे मोजत होते. 2000 साली ठरले की आधी चाचणी करा, मग पैसे. त्यातून झालेल्या एका चाचणीत जुनाट कंबरदुखीचे 1,162 रुग्ण होते. एका गटाला चिनी शास्त्रानुसार सुया. दुसऱ्याला लुटुपुटूच्या : बिंदू टाळून, जेमतेम कातडीत टोचलेल्या. तिसऱ्याला औषधे, व्यायाम आणि फिजिओथेरपी. सहा महिन्यांनी खऱ्या सुयांनी 47.6 टक्क्यांना गुण आला, लुटुपुटूच्या सुयांनी 44.2 टक्क्यांना, आणि नेहमीच्या उपचारांनी 27.4 टक्क्यांना.

हे आकडे एकाच वेळी दोन्ही बाजूंना हवे ते देतात. सुई टोचणे नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरले. पण कुठे टोचली, याला जवळपास किंमत उरली नाही. 2009 मध्ये अमेरिकेत 638 जणांवर झालेली चाचणी आणखी पुढे गेली. एका गटाला नळीतून टूथपिक टेकवून टोचल्याचा भास दिला, कातडी भेदलीच नाही. आठ आठवड्यांनी दैनंदिन हालचालींतली अडचण मोजली तर खऱ्या सुयांच्या दोन गटांत (एकात रुग्णागणिक निवडलेले बिंदू, दुसऱ्यात सर्वांना तेच ठरावीक) 4.4 आणि 4.5 गुणांची सुधारणा, टूथपिकच्या गटात 4.4, आणि नेहमीच्या उपचारांत 2.1. याला नुसता मनाचा खेळ म्हणून उडवून लावणे मला घाईचे वाटते. शांत पडून राहणे, कुणीतरी अर्धा तास आपल्या पाठीकडे लक्ष देणे, कातडीला होणारा स्पर्श, बरे वाटण्याची अपेक्षा, यांतले काय किती काम करते हे या चाचण्यांनी वेगळे काढलेले नाही. पण दोन हजार वर्षे जपलेल्या नकाशाला त्यांनी धक्का दिला, हेही नाकारता येत नाही.

मग सरकारांनी काय केले? जर्मनीने 2007पासून जुनाट कंबरदुखी आणि गुडघ्याच्या संधिवातासाठी सुया विम्यात घेतल्या. ब्रिटनमध्ये सरकारला उपचारांबाबत सल्ला देणाऱ्या 'नाइस' या संस्थेने 2009 मध्ये दहा बैठकांपर्यंत शिफारस केली आणि 2016 मध्ये तीच मागे घेतली, कारण लुटुपुटूच्या सुईपेक्षा पुरेसा फरक दिसत नव्हता. अमेरिका उलट दिशेने गेली. अफूजन्य वेदनाशामकांच्या व्यसनाने तिथे इतके बळी घेतले होते की गोळ्यांना पर्याय हवाच होता. जानेवारी 2020 मध्ये ज्येष्ठांसाठीच्या 'मेडिकेअर' योजनेने जुनाट कंबरदुखीवर 90 दिवसांत 12 बैठकांचा खर्च मंजूर केला. गुण आला तर आणखी 8, वर्षाला 20च्या वर नाहीत. सुई कोणी टोचायची, दुखणे किती आठवड्यांचे असायला हवे, हे सगळे त्या नियमात आहे. कुठे टोचायची, ते नाही.