पूर्णांक व दशांश संख्यांची पारख (संगणक प्रोग्रामिंग)

एखादी संख्या पूर्णांक आहे की तिला दशांश भाग आहे, हे प्रोग्रामने ठरवण्याची क्रिया. यात खरे तर दोन प्रश्न असतात: संख्या कोणत्या प्रकारात साठवली आहे आणि तिची किंमत काय आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत ५.० किमतीने पूर्णांक असली, तरी तिचा प्रकार ‘फ्लोट’च (फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे दशांश संख्या साठवण्याचा प्रकार) राहतो. नवशिक्यांचा बहुतेक गोंधळ हे दोन प्रश्न एकच मानल्याने होतो.

१९५७ साली आलेल्या फोरट्रान भाषेत व्हेरिएबलचे (किंमत साठवणाऱ्या नावाच्या जागेचे) नाव आय ते एन यांपैकी एखाद्या अक्षराने सुरू झाले की ते पूर्णांक मानले जाई. सी भाषेत प्रकार आधी जाहीर करावा लागतो. जावास्क्रिप्टमध्ये नेहमीच्या सगळ्या संख्या ६४ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट प्रकारातच असतात. ५ आणि ५.० यांत तिथे फरकच नाही. त्यामुळे किंमतच तपासावी लागते: १ ने भागून बाकी शून्य येते का पाहायचे, किंवा २०१५ च्या आवृत्तीत आलेले ‘नंबर.इझइंटिजर’ वापरायचे.

ही तपासणी दिसते तितकी भरवशाची नाही. ०.१ सारखी साधी संख्या द्विमान पद्धतीत आवर्ती होते, म्हणून ती जवळपासच्या किमतीवर साठवली जाते. ४.३५ रुपयांना १०० ने गुणले की उत्तर ४३५ पेक्षा किंचित कमी येते. दशांश भाग छाटला तर ४३४ पैसे उरतात. पैशांचे हिशेब म्हणूनच पैशांतल्या पूर्णांकांत किंवा खास दशमान प्रकारात ठेवावेत. फ्लोटमध्ये कधीच नाही. मोठ्या संख्यांची अडचण वेगळी. २ चा ५२ वा घात गाठला की ६४ बिटांत दशांश भागाला जागाच उरत नाही आणि पुढची प्रत्येक संख्या ‘पूर्णांक’ ठरते, मूळ आकड्यात .२५ असले तरीही.

वापरकर्त्याने टाइप केलेली संख्या प्रोग्रामपर्यंत मजकूर म्हणून पोहोचते. दशांश चिन्ह आहे का, हे रूपांतराआधी त्या मजकुरातच पाहणे सर्वांत सुरक्षित. मराठी फॉर्म बनवताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. पायथनचे ‘इंट’ (मजकुराचा पूर्णांक करणारी आज्ञा) देवनागरीतला ‘१२’ स्वीकारून बारा ही संख्या देते. जावास्क्रिप्टची तशीच आज्ञा ‘नंबर’ मात्र तो मजकूर संख्या नसल्याचे सांगते. अशा फॉर्ममध्ये देवनागरी अंक आधी बदलून घ्यावेत, कारण वापरकर्त्याने लिहिलेली संख्या बरोबरच असते.