अनुभवी डॉक्टरांनाही उजळणी का लागते?

"त्यांच्या हाताला गुण आहे," असं आपण जुन्या डॉक्टरांबद्दल सहज म्हणतो. तीस वर्षं दवाखाना चालतोय, म्हणजे ज्ञानही तेवढंच मुरलं असणार, असा आपला हिशेब. हातगुण ही निव्वळ श्रद्धा आहे. अनुभवाचा मुद्दा मात्र मोजता येतो आणि तो मोजलाही गेलाय. 2005 साली हार्वर्डच्या संशोधकांनी या विषयावरची 62 मूल्यमापनं एकत्र करून पाहिली. डॉक्टरांचं ज्ञान, मान्य उपचारपद्धती ते किती पाळतात, रुग्णांचं पुढे काय होतं, अशा गोष्टी त्यांत तपासल्या होत्या. 62 पैकी 32 मध्ये, प्रॅक्टिसची वर्षं वाढली तशी तपासलेल्या प्रत्येक बाबतीत कामगिरी घसरलेली दिसली. आणखी 13 मध्ये काही बाबतींत घसरण होती. अनुभवाबरोबर सगळ्याच बाबतींत सुधारणा दाखवणारं मूल्यमापन फक्त एक निघालं.

म्हणून जुने डॉक्टर सोडा, असं कोणी म्हणू नये. रोज दिसणारा आजार ओळखायला अनुभवच लागतो, आणि शस्त्रक्रियेत हात बसतो तो करून करूनच. अडतं ते क्वचित येणाऱ्या प्रसंगात, आणि शिक्षण संपल्यावर शास्त्र बदललं असेल तिथे.

असा एक प्रसंग पाहू. हाताचं ऑपरेशन आहे. भूलतज्ज्ञ फक्त हात बधिर करण्यासाठी ब्युपिव्हाकेनचं इंजेक्शन देतात आणि त्यातलं थोडं औषध चुकून रक्तवाहिनीत जातं. रुग्ण म्हणतो, तोंडाला धातूची चव येतेय, कानात गुणगुणतंय. पाठोपाठ आकडी येते आणि मॉनिटरवर हृदयाची लय बिघडते. आता द्यायचं काय? उत्तर आहे 20 टक्क्यांचं लिपिड इमल्शन. जेवू न शकणाऱ्या रुग्णांना पोषणासाठी शिरेतून देतात तेच हे पांढरं स्निग्ध द्रावण. वजनाच्या किलोमागे साधारण दीड मिलिलिटर, तेही झटपट. उंदरांवरचा हा प्रयोग प्रसिद्ध झाला 1998 साली, आणि माणसात तो यशस्वी झाल्याची पहिली नोंद 2006 ची. 1995 मध्ये एमडी झालेल्या डॉक्टरला हे कॉलेजात कोणी शिकवणं शक्यच नव्हतं. त्यात जुनी सवय आड येते. हृदय थांबलं की ॲड्रेनलिन एक मिलिग्रॅम, ही सगळ्यांना पाठ असलेली मात्रा इथे घातक ठरू शकते. इथे ती किलोमागे एक मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी ठेवायची असते. कित्येक भूलतज्ज्ञांना अख्ख्या कारकिर्दीत हा प्रसंग एकदाही येत नाही. मग अनुभव शिकवणार कसा?

अमेरिकेत तज्ज्ञांना प्रमाणपत्र देणारी मंडळं आहेत. पूर्वी बहुतेकांचं प्रमाणपत्र तहहयात असे. 1969 मध्ये स्थापन झालेल्या फॅमिली डॉक्टरांच्या मंडळाने मुदतीचं प्रमाणपत्र सुरू केलं, मग इतरही त्या वाटेने गेले. भूलतज्ज्ञांच्या मंडळाने 2000 पासून दहा वर्षांची मुदत घातली आणि नूतनीकरणासाठी एक मोठी परीक्षा ठेवली. अशा परीक्षेचं काय होतं, हे दहावी-बारावी केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. 2016 मध्ये या मंडळाने ती परीक्षा काढून टाकली आणि 'मोका मिनिट' आणलं. दर तीन महिन्यांना 30 प्रश्न, वर्षाला 120, प्रत्येकाला एक मिनिट, हवं तर मोबाइलवर. उत्तर दिलं की बरोबर काय आणि का, हे तिथल्या तिथे कळतं. फिजिशियनांच्या मंडळानेही 2022 पासून असाच पर्याय दिला. तिथे एका प्रश्नाला चार मिनिटं मिळतात.

वरवर पाहता ही फक्त सोय वाटते. पण तिच्यामागे स्मृतीचं जे शास्त्र आहे, ते मला विलक्षण सुंदर वाटतं.

हर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि ठरावीक काळाने ते पुन्हा पाठ करायला किती श्रम वाचतात ते मोजायचं. वीस मिनिटांनी ही बचत 58 टक्के होती, एका दिवसाने 34, महिन्याने 21. म्हणजे विसरणं सुरुवातीला वेगाने होतं, मग मंदावतं. त्यावर आपला घरगुती उपाय म्हणजे पुन्हा वाचणं. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तोच तपासला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा दोनदा वाचणारे 81 विरुद्ध 75 टक्क्यांनी पुढे होते. आठवड्याने चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना 56. विहीर उपसली की झरे मोकळे होतात, तसंच हे.

असं का व्हावं? रॉबर्ट आणि एलिझाबेथ ब्यॉर्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याच्या मांडणीनुसार प्रत्येक आठवणीला दोन वेगळी बळं असतात. एक, ती किती खोल रुजली आहे, आणि दुसरं, ती या क्षणी किती सहज सापडते. सहजता लवकर ओसरते, रुजवण टिकते. कळीचा मुद्दा असा, की आठवण काढताना सहजता जितकी कमी असेल, तितकी रुजवण जास्त वाढते. नुकतंच वाचलेलं पुन्हा वाचलं तर सहजता भरपूर असते, म्हणून रुजवणीत भर जवळजवळ पडत नाही. थोडं विसरू द्यायचं आणि मग ओढून काढायचं. अंतर किती ठेवायचं, हे लक्षात किती दिवस ठेवायचं आहे त्यावर ठरतं. 2008 च्या एका मोठ्या प्रयोगात आठवड्यासाठी सर्वांत उपयोगी अंतर एक दिवसाचं निघालं, वर्षभरासाठी सुमारे तीन आठवड्यांचं. म्हणून तिमाहीचे तीसही प्रश्न शेवटच्या रात्री उरकणारा डॉक्टर स्वतःचंच नुकसान करतो.

आणखी एक गंमत आहे. खात्रीने दिलेलं उत्तर चुकलं, तर त्याची दुरुस्ती अर्धवट खात्रीच्या चुकीपेक्षा जास्त पक्की होते, हेही प्रयोगांत दिसलंय. ॲड्रेनलिनच्या मात्रेत खात्रीने चुकलेला डॉक्टर बरोबर मात्रा सहसा विसरणार नाही.

हे खुद्द डॉक्टरांवरही तपासलंय. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निवासी डॉक्टरांनी काही विषय पुन्हा पुन्हा चाचणी देऊन आणि काही पुन्हा पुन्हा वाचून पक्के केले. सहा महिन्यांनी चाचणीवाल्या विषयात 39 टक्के गुण मिळाले, वाचलेल्यात 26. दोन्ही आकडे कमीच आहेत आणि म्हणूनच उजळणी थांबवून चालत नाही. 'मोका मिनिट' वेळेत सुरू करून निकष पूर्ण करणाऱ्यांवर परवान्याबाबत कारवाई कमी झाल्याचंही आढळलंय. अर्थात मुळातच काटेकोर असणारे लोक प्रश्नही वेळेत सोडवतात, त्यामुळे श्रेय सगळं प्रश्नांना देता येणार नाही.

स्मरणशक्ती वाढवणाऱ्या गोळ्या आणि डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारी 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'ची शिबिरं यांवर आपल्याकडचे पालक हजारो रुपये घालवतात. त्या भोंदूगिरीला कसलाच आधार नाही. कागद उलटा ठेवून स्वतःला प्रश्न विचारायला एक पैसाही लागत नाही.

महाराष्ट्रात नोंदणीच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांना पाच वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात. ते बहुतांशी परिषदा आणि व्याख्यानांच्या हजेरीवर मिळतात. नुसत्या परिषदांनी डॉक्टरांच्या प्रत्यक्ष वागण्यात फारसा फरक पडत नाही, हे 1995 पासून पुन्हा पुन्हा दिसलंय. मला वाटतं, यातले निम्मे पॉइंट तरी मोबाइलवरच्या प्रश्नांना द्यावेत, आणि प्रश्न इथल्या मातीतले असावेत. कोकणातल्या डॉक्टरला उन्हाळ्याच्या तोंडावर असं विचारावं: सात वर्षांच्या मुलाला लाल विंचू चावलाय, दरदरून घाम फुटलाय, हातपाय गार पडलेत, नाडी जलद आहे, पहिलं औषध कोणतं? उत्तर प्राझोसिन. रक्तदाबावरचं हे स्वस्त औषध विंचूदंशावर चालतं, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिलं. त्या प्रश्नाखाली स्पष्टीकरण द्यावं, आणि तीन आठवड्यांनी तोच प्रश्न रुग्णाचं वय आणि लक्षणं बदलून पुन्हा पाठवावा.