कोरीसह पहिली मत्स्यटाकी: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या दुकानात पहिली मत्स्यटाकी घ्यायला येणारे बहुतेक ग्राहक आधी वरच्या पाण्यात फिरणारे रंगीत मासे निवडतात आणि बिल होता होता ‘तळ साफ ठेवणारा एखादा मासाही द्या’ असे सांगतात. हे माहितीपत्रक त्या शेवटच्या मागणीविषयी आहे. तळाशी राहणारा कॅटफिश टाकीत हवा असेल, तर वाळू, पाणी, फिल्टर आणि सोबतचे मासे या सगळ्यांची निवड त्याच्या सोयीने करावी लागते. तो टाकीत शेवटी जाणारा मासा असला, तरी विचार त्याचा आधी करायचा असतो.

कोणताही मासा टाकी साफ करत नाही, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. तळाचा मासा उरलेले खाद्य खातो आणि त्याची विष्ठा करतो, त्यामुळे पाण्यात मिसळणारी घाण काही कमी होत नाही. ‘टँक क्लीनर’ म्हणून मिळणारा बोटभर सकर, म्हणजे तोंडाने काचेला चिकटणारा कॅटफिश, फुटाच्या पुढे वाढतो. घरात मावेनासा झाला की लोक तो तळ्यात नाहीतर नदीत सोडून देतात, आणि मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा मासा अशाच वाटांनी आपल्या देशातील अनेक नद्या-जलाशयांत पसरला आहे. त्याच्या कडक काटेरी परांनी मासेमारांची जाळी फाटतात. ‘शार्क’ या नावाखाली विकले जाणारे रुपेरी पिल्लू हे पंगॅसियसचे असते. हॉटेलात ‘बासा’ म्हणून ताटात येतो तो बहुधा हाच मासा आणि पूर्ण वाढल्यावर तो मीटरभर लांब होतो. नदीतून हौसेने आणलेले शिंगाळ्याचे पिल्लू तोंडात मावेल तो मासा रात्रीतून गिळते. त्यामुळे नवशिक्या ग्राहकाला आम्ही यांपैकी काहीही देत नाही. त्याच्यासाठी आमची शिफारस एकच असते, ती म्हणजे कोरी हा तळाशी राहणारा छोटा कॅटफिश.

कोरीची ओळख

कोरीडोरास गटातील मासे दक्षिण अमेरिकेतील नद्या, ओढे आणि पाणथळ जागांत राहतात. यांतील पेपर्ड कोरीचे नमुने चार्ल्स डार्विनने बीगल जहाजावरील प्रवासात गोळा केले होते आणि 1842 मध्ये त्यांचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या जाती पाच ते सात सेंटिमीटरपर्यंतच वाढतात. अंगावर खवल्यांऐवजी हाडासारख्या पट्ट्यांच्या दोन रांगा असतात आणि तोंडाशी मिशांच्या जोड्या असतात. 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी या गटाची फेरमांडणी केल्यामुळे ब्राँझ कोरी आता ऑस्टिओगास्टर या नावाखाली आणि पेपर्ड व स्टर्बाय होप्लिसोमा या नावाखाली सापडतील. दुकानात मात्र सगळे त्यांना कोरीच म्हणतात.

कोरी खाताना एकदा नीट पाहावा. तो तोंड डोळ्यांपर्यंत वाळूत खुपसतो, वाळूचा घास घेतो, खाण्याजोगे असेल ते ठेवतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून धुरासारखी बाहेर सोडतो. मध्येच एखादा कोरी सरळ पृष्ठभागावर झेपावतो, हवेचा घोट घेतो आणि तितक्याच वेगाने खाली येतो. गिळलेल्या हवेतील प्राणवायू त्याच्या आतड्यात शोषला जातो, त्यामुळे अधूनमधून असे करणे हा आजार नव्हे. सगळेच कोरी वारंवार वर जाऊ लागले, तर मात्र पाण्यात प्राणवायू कमी पडतो आहे किंवा पाणी बिघडले आहे असे समजावे. वर जाण्याची ही वाट मोकळी राहावी म्हणून पाणी झाकणापर्यंत भरू नये, दोन-तीन सेंटिमीटर हवा राहू द्यावी.

कोरी कळपाने राहतो. एकटा किंवा दुकटा कोरी कोपऱ्यात दबून बसतो आणि नीट खातही नाही. त्यामुळे आम्ही एकाच जातीचे किमान सहा कोरी देतो. दोन ब्राँझ, दोन पांडा, दोन अल्बिनो अशी मिसळ मागितली जाते, पण अल्बिनो हा बहुधा ब्राँझचाच पांढरा प्रकार असल्याने त्या दोघांचे जमते आणि पांडा एकटे पडतात.

जात निवडताना आपल्या गावाचा उन्हाळा लक्षात घ्यावा. पेपर्ड आणि पांडा यांना थंडावा मानवतो. पाणी पंचविसाच्या आसपास किंवा त्याखाली राहिले तर ते सुखात असतात. नागपूर, जळगाव किंवा सोलापूर इथल्या मे महिन्यात वातानुकूलित खोलीशिवाय हे जमणे कठीण आहे. ब्राँझ कोरी अधिक सोशिक आहे आणि स्टर्बाय 28 अंशांपर्यंतच्या पाण्यात आरामात राहतो, मात्र त्याची किंमत जास्त असते. पहिल्या टाकीसाठी ब्राँझ घ्यावा, असे आमचे मत आहे.

टाकी, जागा आणि वाळू

तळाच्या माशांना उंचीपेक्षा तळाचे क्षेत्रफळ महत्त्वाचे असते, म्हणून उंच, अरुंद किंवा गोल टाकी त्यांच्या कामाची नाही. 60 सेंटिमीटर लांब, 30 रुंद आणि 38 उंच अशी टाकी आम्ही सुचवतो. तीत साधारण 55 लिटर पाणी राहते आणि काच, वाळू धरून एकूण वजन ऐंशी किलोच्या घरात जाते. टीपॉय किंवा टीव्हीचे शोकेस एवढे ओझे पेलण्यासाठी केलेले नसते. स्टँड पातळीत असावा, टाकीखाली थर्माकोलची शीट घालावी आणि थेट ऊन येईल अशी खिडकी टाळावी, नाहीतर काच शेवाळाने हिरवी होते. प्लगकडे जाणाऱ्या वायरींना खाली झोल द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत पोहोचत नाही.

वाळूबाबत आम्ही ग्राहकांशी सर्वांत जास्त बोलतो, कारण कोरीचे बरेवाईट तिच्यावरच ठरते. रंगीत खडे आणि फोडलेल्या काचेचे तुकडे दिसायला आकर्षक असले, तरी त्यांत मिशा घासल्या जातात; खड्यांच्या फटींत अडकलेले खाद्य कुजते आणि घासलेल्या मिशांना तिथेच जंतुसंसर्ग होतो. मिशा झिजून नुसते खुंट उरलेला कोरी खाद्य शोधू शकत नाही. बांधकामावरची क्रश सँडही नको. ती काळा दगड यंत्रात फोडून केलेली असते आणि तिचे कण धारदार कोनांचे असतात. कोकणातील ग्राहक कधी समुद्रकिनाऱ्याची वाळू आणतात. तीत मीठ असते आणि शिंपल्यांचा चुरा असतो, जो हळूहळू विरघळून पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचे, करत राहतो. वाळूवर थोडे व्हिनेगर टाकावे, बुडबुडे आले तर ती वापरू नये. गोलसर कणांची सिलिका वाळू किंवा बारीक चाळलेली नदीची वाळू उत्तम. तीन-चार सेंटिमीटर थरासाठी दहा किलो वाळू पुरते. बादलीत घेऊन वरचे पाणी निवळ येईपर्यंत ती धुवावी. याला अर्धा-पाऊण तास लागतो आणि तो वाचवू नये.

लाकूड, काळे दगड आणि सावली देणारी जावा फर्न किंवा अनुबियास यांसारखी रोपे ठेवावीत, मात्र तळाचा पुढचा निम्मा भाग मोकळा सोडावा. या आकाराच्या टाकीला एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर पुरेसा होतो. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा, कारण वीज गेली की पाणी नळीतून उलटे पंपात उतरते. भारनियमन असलेल्या भागात बॅटरीवर चालणारा छोटा पंप जवळ असू द्यावा.

पाणी

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते माशांच्या कल्ल्यांना भाजते आणि फिल्टरमधील उपयुक्त जीवाणूही मारते. अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवरील प्रमाणात घालावेत किंवा पाणी उघड्या बादलीत, हवेचा दगड (एअर पंपाच्या नळीला जोडलेला, बुडबुडे सोडणारा) सोडून, चोवीस तास ठेवावे. बोअरचे पाणी आपल्याकडे अनेकदा जड असते. ब्राँझ कोरी ते बऱ्यापैकी सहन करतो, पण अशा अल्कधर्मी आणि कोमट पाण्यात अमोनियाचा विषारी अंश वाढतो, त्यामुळे चुकीला जागा कमी उरते. निव्वळ आरओचे पाणी भरू नये, त्यात माशांना लागणारे क्षार जवळपास नसतात. बोअरचे पाणी फारच जड असेल तर त्यात आरओचे पाणी मिसळून घ्यावे. सोसायटीत कधी पालिकेचे, कधी टँकरचे पाणी येत असेल, तर दोन्हींचे नमुने आमच्याकडे आणावेत.

टाकी तयार होऊ देणे

टाकी भरली त्याच दिवशी आम्ही मासे देत नाही. यावरून काही ग्राहक नाराज होतात, पण कारण साधे आहे. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिले दोन पदार्थ अल्प प्रमाणातही घातक असतात. तिसरा बराच सौम्य असून पाणी बदलून आटोक्यात ठेवता येतो. हे जीवाणू स्पंजमध्ये, वाळूत आणि दगडांवर वस्ती करतात आणि नव्या टाकीत ती वस्ती उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात फिल्टर अखंड चालू ठेवावा आणि माशांच्या खाद्याची चिमूट रोज टाकीत टाकावी, म्हणजे जीवाणूंना लागणारा अमोनिया मिळत राहतो. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसणे हा पुरावा नव्हे, कारण अमोनिया आणि नायट्राइट डोळ्यांना दिसत नाहीत. चाचणीत दोन्ही शून्य येऊन नायट्रेट दिसू लागले की टाकी तयार झाली. आमच्याकडून टाकी घेतल्यास आमच्या चालू टाकीतील वापरलेला स्पंज आम्ही मोफत देतो, त्याने हा काळ बराच कमी होतो. मात्र तो ओला ठेवून त्याच दिवशी बसवावा लागतो.

सोबतचे मासे

सहा कोरींबरोबर आठ-दहा निऑन टेट्रा किंवा हार्लेक्विन रासबोरा एवढी वस्ती या टाकीला पुरे. पाणी जड असेल तर टेट्राऐवजी सहा नर गप्पी घ्यावेत; मादी घेतल्यास काही महिन्यांत टाकी पिल्लांनी भरते. टायगर बार्ब दुसऱ्यांचे पर कुरतडतात आणि एंजल मोठा झाला की निऑन खातो, म्हणून हे दोन्ही टाळावेत. गोल्डफिश फार घाण करतो आणि त्याला थंड पाणी लागते. आधी वरचे मासे सोडावेत, दोन आठवडे चाचण्या शून्य राहिल्या तर मग कोरी आणावेत.

कोरीच्या पाठीवरील आणि दोन्ही बाजूंच्या परांत ताठ काटे असतात आणि घाबरला की तो ते ताठ करून अडकवून ठेवतो. जाळीत असा अडकलेला मासा ओढून काढल्यास जखमी होतो, म्हणून त्याला वाडग्यात हाकलून उचलावे. काट्याने पिशवी फुटू नये यासाठी आम्ही दुहेरी पिशवी देतो. घरी आल्यावर बंद पिशवी वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, मग तोंड उघडून दर पाच मिनिटांनी पेलाभर टाकीतले पाणी पिशवीत घालावे आणि शेवटी मासे तेवढे सोडावेत. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. पहिल्या रात्री दिवा लावू नये आणि खाद्यही देऊ नये.

रोजची निगा

वरचे मासे तरंगते खाद्य क्षणात फस्त करतात आणि तळाशी काही पोहोचत नाही. उरलेसुरले खाऊन कोरी जगेल या समजुतीने तो अनेक घरांत हळूहळू उपाशी मरतो. त्याच्यासाठी बुडणाऱ्या गोळ्या आणाव्यात आणि दिवा मालवल्यावर टाकाव्यात. सहा कोरींना रात्री दोन-तीन लहान गोळ्या पुरतात, सकाळी उरलेली दिसली तर दुसऱ्या दिवशी एक कमी करावी. आठवड्यातून एकदा गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) द्यावेत. जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) गटारीच्या पाण्यातून आलेले असू शकतात, ते टाळलेले बरे.

दर आठवड्याला पाव भाग पाणी सायफनने काढून तेवढेच क्लोरीनमुक्त पाणी घालावे. टाकीत हीटर असेल तर पाणी काढण्यापूर्वी तो बंद करावा. स्पंज नळाखाली कधीही धुवू नये, काढलेल्या टाकीच्या पाण्यातच दोनदा पिळावा. उन्हाळ्यात पाणी तिशीपलीकडे जाऊ लागले तर झाकण काढून जाळी बसवावी आणि पाण्याच्या पृष्ठभागावर टेबलफॅनचा झोत सोडावा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. बर्फाचे खडे टाकू नयेत. पावसाळ्याच्या तोंडावर थोडे गार पाणी घातल्यावर एखाद्या सकाळी काचेवर चिकटलेली पारदर्शक अंडी दिसली तर दचकू नये. कोरींच्या मूळ प्रदेशातही पावसाचे थंड पाणी हीच विणीची खूण असते.

गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाताना शेजाऱ्यांना खाद्याचा डबा देऊन जाऊ नये. धडधाकट मोठे मासे पाच-सहा दिवस न खाता राहतात. शेजाऱ्यांच्या मायेपोटी पडलेल्या मूठभर खाद्याने मात्र एका दिवसात पाणी नासते. निघण्याआधी पाणी बदलावे आणि फिल्टर चालू ठेवावा, एवढे पुरे.

मासा आजारी वाटल्यास निळे औषध थेट टाकीत ओतू नये, त्याने फिल्टरमधील जीवाणू मरू शकतात. बहुतेक वेळा दुखणे पाण्याचे असते, म्हणून आम्ही औषध देण्याआधी पाणी तपासतो आणि ही तपासणी ग्राहकांसाठी विनामूल्य आहे. नमुना साबण न लागलेल्या स्वच्छ बाटलीत, पाणी बदलण्यापूर्वी काढून त्याच दिवशी आणावा. पाणी बदलून मग आणलेल्या नमुन्यात बिघाड दिसून येत नाही.