केडीईच्या सेटिंग्जमधलं 'अप्लाय' बटण: पार्श्वभूमी

सिस्टिम सेटिंग्जमध्ये एखादा चेकबॉक्स टिक केला, मग विचार बदलला आणि टिक काढली, तर 'अप्लाय' बटण परत फिकं व्हायला हवं ना, बदललं तर काहीच नाही. पण केडीईत, म्हणजे लिनक्सवर चालणाऱ्या एका डेस्कटॉपमध्ये, वर्षानुवर्षं कितीतरी पानांवर ते तसंच चालू राहायचं, आणि पान सोडायला गेलं की "बदल सेव्ह करायचेत का?" म्हणून विचारायचं. बग एवढासा, पण तो मुळातून काढायला एकेक पान आतून उसवून परत शिवावं लागलं.

केडीई मथियास एट्रिचने १९९६ मध्ये सुरू केलं. तेव्हा सेटिंग्जसाठी केकंट्रोल होतं, डावीकडे यादी, उजवीकडे पान. त्यातलं प्रत्येक पान म्हणजे स्वतंत्र मॉड्यूल, केसीएम म्हणतात त्याला, आणि सगळी मेख इथेच आहे कारण माऊसचं पान एकाने लिहिलेलं, फॉन्टचं दुसऱ्याने. मॉड्यूलने सेटिंग लोड करायची, सेव्ह करायची, डिफॉल्टवर न्यायची, आणि काही बदललं की बाहेरच्या विंडोला तसं कळवायचं. ते कधी कळवायचं हे ज्याने त्याने आपापल्या परीने लिहिलेलं. चेकबॉक्सला हात लागला की 'बदल झाला' सांगून टाकणं सगळ्यात सोपं, मूळ किंमत काय होती ते ताडून बघायला जास्तीचा कोड लागतो, आणि ही सगळी फावल्या वेळात काम करणारी माणसं, त्यांना दोष कसा देणार.

जानेवारी २००८ मध्ये केडीई ४ आलं, केकंट्रोल गेलं, सिस्टिम सेटिंग्ज आलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये प्लाझ्मा ५.११ ने (केडीईच्या डेस्कटॉपचं नाव आता प्लाझ्मा) त्याचं रूप परत बदललं (एकच महिना आधी नोम ३.२६ नेही, म्हणजे लिनक्सवरच्या दुसऱ्या एका डेस्कटॉपने, आपल्या सेटिंग्जला साइडबार दिला होता). पण चेहरा बदलला तरी आतली बरीच मॉड्यूलं जुनीच होती.

खरं तर उपाय केडीई ३ च्या काळापासून हाताशी होता. केकॉन्फिग एक्सटी. सेटिंगचं नाव, प्रकार आणि डिफॉल्ट किंमत एका एक्सएमएल फाईलमध्ये लिहायची, कोड आपोआप तयार होतो. हे नसलं की तीच डिफॉल्ट किंमत दोन ठिकाणी लिहिलेली असते, एकदा सेटिंगच्या पानात आणि एकदा ती वापरणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, मग एकीकडे बदलली आणि दुसरीकडे राहिली की पान सांगतं एक आणि घडतं भलतंच. असले बग शोधताना जीव जातो हो, कारण दोन्हीकडचा कोड वेगवेगळा वाचला तर बरोबरच वाटतो.

२०१९-२० च्या सुमाराला मॉड्यूलं एकेक करून याच्यावर नेली गेली. 'अप्लाय' शहाणं झालंच, आणि त्याच कष्टातून एक नवीन फीचर निघालं: प्लाझ्मा ५.२० मधलं (ऑक्टोबर २०२०) 'बदललेल्या सेटिंग्ज हायलाइट करा'. आपण जिथे जिथे हात घातलाय तिथे खूण दिसते. दिसायला एक बटण, पण ॲपला स्वतःचे डिफॉल्ट माहीत असल्याशिवाय ते शक्यच नव्हतं. माझं सगळ्यात आवडतं फीचर आहे हे, घरच्या कोणाचा कॉम्प्युटर बिघडला की मी आधी तेच चालू करतो.

जानेवारी २०२२ मध्ये केडीईतल्याच नेट ग्रॅहमने पहिल्या १५ मिनिटांत खटकणारे बग वेगळे काढून त्यांच्या मागे लागायची मोहीम काढली. त्याच वर्षी भाषा आणि फॉरमॅट ही दोन पानं एक झाली, म्हणजे इंटरफेस इंग्लिश पण तारखा आणि आकडे भारतीय पद्धतीचे असं ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांचा एक हेलपाटा वाचला.

एक कोडं मात्र याच रचनेत राहून गेलंय. डिफॉल्टइतकीच किंमत असली तर ती कॉन्फिग फाईलमध्ये लिहिलीच जात नाही. फेब्रुवारी २०२४ ला प्लाझ्मा ६ मध्ये फाईल उघडायला सिंगल क्लिकऐवजी डबल क्लिक डिफॉल्ट झालं, तेव्हा ज्याने कधी ते पान उघडलंच नव्हतं आणि ज्याला सिंगल क्लिकच हवं होतं, फाईलमध्ये दोघेही सारखेच दिसत होते.