डीएनएस रेकॉर्डमधील संरचित माहितीचे संकेतन

डोमेन नावाखाली यंत्राच्या आयपी पत्त्याखेरीज इतर माहिती ठरावीक मांडणीत ठेवण्याच्या पद्धती. ईमेल पाठवण्याचा अधिकार कोणाला, पब्लिक की (सही तपासायला सर्वांसाठी खुली ठेवलेली किल्ली) कोणती, प्रमाणपत्र कोणी द्यावे, सेवा कोणत्या पोर्टवर आहे, यंत्र पृथ्वीवर नेमके कुठे आहे, अशी माहिती यात येते. डीएनएस म्हणजे डोमेन नावावरून पत्ता व इतर माहिती शोधून देणारी इंटरनेटची व्यवस्था, आणि नावाखालची प्रत्येक नोंद म्हणजे रेकॉर्ड. तिचा आजचा पाया घालणारे आरएफसी (इंटरनेटचे तांत्रिक नियम मांडणारी क्रमांकित मालिका) १०३४ आणि १०३५ हे दस्तऐवज पॉल मॉकापेट्रिस यांनी नोव्हेंबर १९८७ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे जे जे संकेतन आले, ते त्यात ठरलेल्या मापांच्या चौकटीतच बसवावे लागले: नावाचा एक भाग जास्तीत जास्त ६३ बाइट, संपूर्ण नाव २५५ बाइट, मजकुराचा एक तुकडा २५५ बाइट आणि एका रेकॉर्डमधील माहिती ६५,५३५ बाइट.

या विषयातले बहुतेक घोटाळे तीन थर एकमेकांत मिसळल्यामुळे होतात. सर्व्हर प्रत्यक्ष पाठवतो ते बाइट हा पहिला थर, झोन फाइलमध्ये (डोमेनचे रेकॉर्ड असलेल्या फाइलीत) माणूस लिहितो तो मजकूर हा दुसरा आणि रेकॉर्ड वाचणाऱ्या प्रोग्रॅमचे व्याकरण हा तिसरा. अवतरणचिन्हे, उलट्या तिरक्या रेषा आणि कंस फक्त दुसऱ्या थरात असतात, ते कधीच पाठवले जात नाहीत. अर्धविराम दुसऱ्या थरात टिप्पणीची सुरुवात दाखवतो, तर तिसऱ्या थरात तोच दोन घटक वेगळे करतो. बिघाड शोधताना आपण कोणत्या थरात आहोत हे आधी ठरवले, तर निम्मे काम झालेले असते. (खालील उदाहरणांतील अक्षरे व अंक देवनागरीत उतरवले आहेत. प्रत्यक्ष फाइलीत ते रोमन लिपीतच लिहायचे असतात.)

टीएक्सटी रेकॉर्ड

क्रमांक १६ चा हा प्रकार अशा माहितीसाठी सर्वाधिक वापरला जातो. त्यात एक किंवा अनेक तुकडे असतात. प्रत्येक तुकड्याआधी लांबी सांगणारा एक बाइट असतो आणि एका बाइटमध्ये २५५ च्या पुढचा आकडा मावत नाही, म्हणून तुकड्याची मर्यादा २५५. एका रेकॉर्डमधल्या तुकड्यांचा क्रम पक्का राहतो. मात्र एकाच नावाखाली अनेक टीएक्सटी रेकॉर्ड असतील, तर ते कोणत्या क्रमाने येतील याची खात्री नसते. लांब माहितीचा पहिला भाग एका रेकॉर्डमध्ये आणि उरलेला दुसऱ्या रेकॉर्डमध्ये ठेवणे त्यामुळे चूकच ठरते.

तुकड्यांचे पुढे काय करायचे हे टीएक्सटी सांगत नाही, आणि इथेच खरी गोम आहे. एसपीएफ (डोमेनच्या नावाने ईमेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात त्याची यादी) आणि डीकेआयएम (ईमेलवरची डिजिटल सही तपासण्याची पद्धत) वाचणारे प्रोग्रॅम सगळे तुकडे मध्ये जागा न सोडता जोडतात. स्थानिक नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणारी डीएनएस-एसडी पद्धत प्रत्येक तुकडा ही नाव आणि मूल्याची स्वतंत्र जोडी मानते आणि तुकडे कधीच जोडत नाही. प्रकार एकच, वाचनाचे नियम परस्परविरुद्ध.

नाव आणि मूल्य ‘=’ चिन्हाने जोडण्याची रीत १९९३ च्या आरएफसी १४६४ ने मांडली. पहिले ‘=’ चिन्ह हा विभाजक, नावात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक नाही आणि नावातच ‘=’ हवे असेल तर त्याआधी उलटे स्वरचिन्ह (`) द्यायचे, असा तो नियम होता. तो जसाच्या तसा फारसा रुजला नाही, पण ‘नाव=मूल्य’ ही सवय राहिली. त्याआधी एमआयटीच्या अथेना प्रकल्पातील हेसिऑड प्रणालीने वापरकर्त्यांची खाती अपूर्णविरामाने विभागलेल्या ओळींत, डीएनएसचा वेगळा वर्ग वापरून ठेवली होती.

आज चालणाऱ्या पद्धतींचे व्याकरण एकमेकांशी जुळत नाही. डीकेआयएममध्ये (आरएफसी ६३७६, २०११) जोड्या अर्धविरामाने विभागतात. एकच खूण (जोडीतले नाव) दोनदा आली तर संपूर्ण यादी बाद होते, अनोळखी खूण मात्र दुर्लक्षिली जाते. तपासणीत फसलेल्या ईमेलचे काय करायचे ते सांगणाऱ्या डीएमएआरसीने हीच वाक्यरचना उचलली, पण आवृत्तीची खूण सर्वांत आधी हवी अशी अट घातली. डीएनएस-एसडीमध्ये (आरएफसी ६७६३, २०१३) एकच नाव दोनदा आले तर पहिले धरायचे आणि ‘=’ नसलेला तुकडा म्हणजे ‘हे वैशिष्ट्य आहे’ एवढाच अर्थ. तिथे नाव ९ अक्षरांच्या आत ठेवावे अशी शिफारस आहे. एसपीएफमध्ये (आरएफसी ७२०८, २०१४) घटक रिकाम्या जागेने विभागतात. त्यामुळे पहिला तुकडा ‘आयपी४:१९२.०.२.१’ वर संपला आणि दुसरा ‘इन्क्लूड:’ ने सुरू झाला, तर जोडल्यावर दोन्ही चिकटून नियम मोडतो. पहिल्या तुकड्याच्या शेवटी, अवतरणचिन्हाच्या आत, एक जागा सोडणे हा त्यावर उपाय. एका नावावर दोन एसपीएफ रेकॉर्ड ठेवले तर एकही लागू होत नाही, कायमची त्रुटी मिळते. नवी ईमेल सेवा घेताना जुन्या रेकॉर्डमध्ये भर घालण्याऐवजी दुसरा रेकॉर्ड टाकणे ही चूक फार वेळा दिसते. याशिवाय डीएनएसकडे पुन्हा विचारणा करायला लावणाऱ्या घटकांची मर्यादा १० आहे. ‘इन्क्लूड’, ‘ए’, ‘एमएक्स’, ‘एक्झिस्ट्स’ हे त्यात मोजले जातात, ‘आयपी४’ आणि ‘आयपी६’ मोजले जात नाहीत.

डीकेआयएमची की रेकॉर्डमध्ये घालणे

२,०४८ बिटांची आरएसए प्रकारची पब्लिक की तिच्या वेष्टनासह २९४ बाइटची असते. बेस६४ संकेतनात (बाइट छापण्याजोग्या ६४ अक्षरांत लिहिण्याच्या रीतीत) ३ बाइटची ४ अक्षरे होतात, म्हणून तिची ३९२ अक्षरे बनतात. त्याआधी येणारी ‘व्ही=डीकेआयएम१; के=आरएसए; पी=’ ही रोमनमधली १८ अक्षरे धरून एकूण ४१०. म्हणजे दोन तुकडे लागतात, २५५ आणि १५५ चे, आणि दोन लांबी-बाइट मिळवून रेकॉर्डमधील माहिती ४१२ बाइटची होते.

की तयार झाल्यावर फाइलमधली सुरुवातीची व शेवटची रेघांची ओळ काढून टाकावी आणि मधले सगळे ओळबदल पुसावेत. मजकूर दोन तुकड्यांत कापून प्रत्येक तुकडा स्वतंत्र अवतरणचिन्हांत, दोन्ही मिळून एका कंसात लिहावेत. अवतरणचिन्हे द्यायची राहिली तर झोन फाइल वाचणारा प्रोग्रॅम पहिल्या अर्धविरामापासून पुढचे सगळे टिप्पणी समजून टाकून देतो आणि रेकॉर्डमध्ये फक्त ‘व्ही=डीकेआयएम१’ उरते. नंतर झोनचा अनुक्रमांक वाढवावा. तारखेवरून तो लिहिण्याची पद्धत सोयीची, जसे १५ जून २०२५ चा पहिला बदल म्हणजे २०२५०६१५०१. अनुक्रमांक वाढवायचा राहिला तर मुख्य सर्व्हर नवे उत्तर देतो आणि दुय्यम जुनेच देत राहतो. ‘नेम्ड-चेकझोन’ हा झोन फाइल तपासणारा प्रोग्रॅम चालवून मगच झोन पुन्हा लोड करावा. शेवटी ‘डिग’ या डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या प्रोग्रॅमने थेट अधिकृत सर्व्हरला विचारून, आलेले तुकडे जोडून मूळ कीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. आपल्या रोजच्या रिझॉल्व्हरला (आपल्या वतीने उत्तरे शोधून साठवणाऱ्या सर्व्हरला) विचारले तर कॅशमधले जुने उत्तर मिळू शकते. टीटीएल (उत्तर कॅशमध्ये ठेवण्याचा काळ) ८६,४०० सेकंद असेल तर बदलाच्या आदल्या दिवशीच तो ३०० वर आणून ठेवावा.

होस्टिंगच्या वेबपॅनेलमध्ये तुकडे पाडण्याचे काम काही ठिकाणी आपोआप होते, काही ठिकाणी होत नाही. अवतरणचिन्हांसह चिकटवल्यावर पॅनेलने आणखी एक जोडी लावली, तर अवतरणचिन्ह मूल्याचाच भाग बनते आणि तपासणी फसते. पॅनेलवर विसंबून न राहता ‘डिग’ चे उत्तर पाहावे.

४,०९६ बिटांच्या कीला हीच आकडेमोड लावली तर ७५४ अक्षरे आणि तीन तुकडे होतात. यूडीपी या डीएनएसच्या नेहमीच्या, जोडणीविना चालणाऱ्या वाहतुकीवरील मूळ ५१२ बाइटची मर्यादा इथे ओलांडली जाते. ईडीएनएस ही डीएनएसची वाढीव सोय वापरून मोठे उत्तर मागता येते, आणि २०२० पासून त्यासाठी १,२३२ बाइटचे माप सुचवले जाते. त्याहून मोठे उत्तर कापले जाते आणि विचारणाऱ्याला टीसीपीने (आधी जोडणी करणाऱ्या पद्धतीने) पुन्हा यावे लागते. फायरवॉलने टीसीपीचे ५३ क्रमांकाचे पोर्ट बंद केलेले असेल, तर त्याच्या हाती काहीच लागत नाही. आकाराची अडचण मुळातूनच टाळायची असेल तर ईडी२५५१९ प्रकारची की पाहावी (आरएफसी ८४६३, २०१८), ती बेस६४ मध्ये जेमतेम ४४ अक्षरांची होते. मात्र ती सर्वत्र वाचली जाईलच असे नसल्याने आरएसएची सही सोबत ठेवावी.

मराठी मजकूर

टीएक्सटीच्या तुकड्यात कोणतेही बाइट चालतात, म्हणून यूटीएफ-८ मधील मराठीही चालते. देवनागरीचा प्रत्येक युनिकोड घटक ३ बाइट घेतो, म्हणजे एका तुकड्यात असे ८५ घटक. ‘पुणे’ हा शब्द प, उकार, ण, मात्रा अशा चार घटकांचा, १२ बाइटचा. पण ‘डिग’ तो असा दाखवतो: "\२२४\१६४\१७०\२२४\१६५\१२९\२२४\१६४\१६३\२२४\१६५\१३५". छापण्याजोग्या रोमन अक्षरांपलीकडचा बाइट उलट्या रेषेनंतर दशमान तीन अंकांत लिहायचा, असा झोन फाइलीचा नियम आहे. हे पाहून मजकूर बिघडला असे वाटते, पण पाठवलेले बाइट अगदी बरोबर असतात. नुसत्या देवनागरीत तुकडा अक्षराच्या सीमेवरच संपतो, कारण २५५ ला ३ ने भाग जातो. मजकुरात रिकाम्या जागा आल्या की हे गणित मोडते आणि अक्षर मधोमध कापले जाऊ शकते. जोडून वाचणाऱ्याला फरक पडत नाही, सुटे वाचणाऱ्याला पडतो. प्रिंटरच्या ठिकाणासाठी असलेल्या ‘नोट’ या नावाखाली मराठी लिहायचे तर ‘नोट=’ चे रोमनमधले ५ बाइट वजा जाता २५० उरतात, त्यात ८३ घटक बसतात.

दुसरी अडचण खास मराठीची. पुणे जिल्ह्यातील कऱ्हा नदीचे नाव लिहिताना ‘ऱ’ हा एक स्वतंत्र घटक वापरता येतो, ‘र’ खाली नुक्ता देता येतो, किंवा ‘र’, हलन्त आणि शून्यरुंदीचा जोडक वापरूनही तेच रूप दिसते. पडद्यावर तिन्ही सारखी, बाइट तीन वेगळे. युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण (समान मानलेल्या रूपांचे एकच रूप करण्याचा नियम) पहिली दोन एक करते, तिसरे करत नाही. मूल्यांची तुलना होणार असेल तर रेकॉर्ड लिहिण्याआधीच एक रूप ठरवून घ्यावे.

नावातली माहिती

रेकॉर्डच्या आतल्याइतकीच माहिती कित्येकदा नावातही भरली जाते. नावात लहान-मोठे अक्षर एकच समजले जाते, म्हणून तिथे बेस६४ चालत नाही, बेस३२ किंवा षोडशमान वापरावे लागते. एसएचए-२५६ चा ठसा (माहितीवरून काढलेला ठरावीक लांबीचा आकडा) षोडशमानात ६४ अक्षरांचा होतो, मर्यादेपेक्षा नेमके एकाने जास्त. म्हणून ईमेल पत्त्याची पब्लिक की देणाऱ्या ओपनपीजीपीकी रेकॉर्डचे नाव बनवताना (आरएफसी ७९२९, २०१६) ठसा २८ बाइटवर कापून ५६ अक्षरांत बसवला आहे. देवनागरी डोमेन नावे प्युनीकोडने रोमनमध्ये उतरतात. मराठीसह आठ भाषांसाठी २०१४ मध्ये सुरू झालेले ‘.भारत’ हे डीएनएसला ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ असे दिसते. ईनममध्ये (दूरध्वनी क्रमांक डीएनएसमध्ये शोधण्याच्या पद्धतीत) दूरध्वनी क्रमांकच नाव बनतो. अंक उलटे करून मध्ये बिंदू देतात, त्यामुळे पुण्याच्या +९१ २० ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे नाव ‘०.२.१.९.ई१६४.आर्पा’ वर संपते. क्रमांकाचे इंटरनेट पत्त्यात रूपांतर सांगणाऱ्या, त्याखालच्या एनएपीटीआर रेकॉर्डमधील नियमित पदावलीत (मजकुराचा नमुना सांगणाऱ्या सूत्रात) उलटी रेघ आली तर झोन फाइलमध्ये ती दोनदा लिहावी लागते.

अधोरेखेने सुरू होणारी नावे, जसे ‘_डीएमएआरसी’ किंवा प्रमाणपत्र मिळवताना लागणारे ‘_एसीएमई-चॅलेंज’, ही माहिती मूळ नावावर गर्दी न करता बाजूला ठेवण्यासाठी असतात. हा सगळ्यांत शहाणपणाचा तोडगा आहे. मूळ नावावर दहा-बारा टीएक्सटी साठले की एक मागितला तरी सगळे येतात. वाइल्डकार्ड टीएक्सटी (न लिहिलेल्या सगळ्या नावांसाठीचा रेकॉर्ड) मात्र जपून वापरावा, कारण न लिहिलेल्या ‘_डीएमएआरसी’ लाही तोच उत्तर देतो.

ठरावीक क्षेत्रांचे प्रकार

यंत्राचे पृथ्वीवरचे ठिकाण सांगणारा एलओसी (आरएफसी १८७६, १९९६) हा नुसत्या बाइटांच्या संकेतनाचा उत्तम नमुना आहे. त्यात १६ बाइट असतात. पुण्याच्या मध्यभागासाठी १८° ३१′ १३″ उत्तर, ७३° ५१′ २४″ पूर्व आणि उंची सुमारे ५६० मीटर धरू. अक्षांश सेकंदांच्या हजाराव्या भागात मोजायचा: ६,६६,७३,०००. विषुववृत्तासाठी २,१४,७४,८३,६४८ हा आकडा ठरलेला आहे, तो मिळवून २,२१,४१,५६,६४८. रेखांशाचे तसेच २,४१,३३,६७,६४८. उंची संदर्भपृष्ठाच्या १,००,००० मीटर खालून सेंटिमीटरमध्ये मोजतात, म्हणून १,००,५६,०००. आकार आणि अचूकता यांना एकेकच बाइट आहे: वरचे चार बिट म्हणजे अंक, खालचे चार म्हणजे दहाचा घातांक. क्षैतिज अचूकता लिहिली नाही तर १०,००० मीटर व्यासाचे वर्तुळ गृहीत धरले जाते. शनिवारवाड्यासाठी लिहिलेल्या रेकॉर्डमध्ये मग डेक्कन जिमखाना आणि स्वारगेटही येतात.

सर्व्हरचे प्रमाणपत्र ओळखण्यासाठीच्या टीएलएसए (२०१२) मध्ये तीन छोटे आकडे आणि प्रमाणपत्राचा ठसा असतो, प्रमाणपत्र कोणी द्यावे हे सांगणाऱ्या सीएए (२०१३, सुधारित २०१९) मध्ये ध्वज, खूण आणि मूल्य. सेवेशी कसे जोडायचे ते सांगणाऱ्या एसव्हीसीबी आणि एचटीटीपीएस (आरएफसी ९४६०, २०२३) यांनी जोड्या थेट बाइटांत मांडल्या: १६ बिटांचा क्रमांक, १६ बिटांची लांबी, मग मूल्य. क्रमांक चढत्या क्रमाने हवेत आणि कोणताही दोनदा येता कामा नये, नाहीतर रेकॉर्ड अवैध. टीएक्सटीत प्रत्येकाने वेगळे लावलेले नियम इथे प्रकारातच बांधून टाकले आहेत.

इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने आरएफसी ५५०७ मध्ये (२००९) टीएक्सटी वाकवण्यापेक्षा नवा प्रकार घ्यावा असेच सुचवले. सल्ला योग्य आहे, पण अमलात आणणे सोपे नाही. एसपीएफला स्वतःचा ९९ क्रमांक मिळूनही लोक टीएक्सटीच लिहीत राहिले आणि २०१४ मध्ये तो प्रकार सोडून द्यावा लागला. सर्व्हर नवा प्रकार ओळखत नसेल तर आरएफसी ३५९७ ची वाट आहे: ‘टाइप’ आणि त्याला जोडून प्रकाराचा क्रमांक, मग ‘\#’, बाइटांची संख्या आणि षोडशमानातले बाइट. वेबपॅनेल हे रूप स्वीकारत नसेल, तर झोन स्वतःच्या सर्व्हरवर ठेवावा किंवा अधोरेखेच्या नावाखाली, आवृत्तीची खूण आधी लावून, टीएक्सटी वापरावा.